रेझिस्टर नावाची खुर्ची

लोंढे सरांच्या फाटकाशी एक खुर्ची ठेवलेली आहे. पांढरी, प्लास्टिकची, एक हात तुटलेली. तिच्या पाठीवर काळ्या ऑइलपेंटने लिहिलंय : ‘रेझिस्टर’. आणि फाटकावर पाटी आहे : ‘भांडायला आलेल्यांनी आधी येथे बसावे. मग आत यावे.’ खाली सरांची सही. ती सही बघून कुणीही सांगेल, की हा माणूस सही करतानासुद्धा चिडलेला होता.

आम्ही जळोचीत राहायला आलो त्याच आठवड्यात मला त्या खुर्चीत बसावं लागलं. सरांचं घर आणि आमचं घर शेजारी, दोघांत मिळून एक बोअर. माझ्या डोक्याला शिकेकाई लावलेली, डोळ्यांत गेलेली, आणि नळाचं पाणी बंद! बाहेर येऊन बघते तर सरांनी मोटारीचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातलेला. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून तशीच त्यांच्या फाटकात. तळपायाची आग मस्तकात गेलेली.

“फ्यूज द्या,” मी म्हटलं.

“आधी बसा,” सर म्हणाले.

“मी बसायला नाही आले!”

“बसल्याशिवाय बोलणं होणार नाही. तुम्ही आत्ता पूर्ण चार्ज झालेल्या आहात. असं एकदम सोडलं, की स्फोट होतो. मध्ये रेझिस्टर लागतो. सावकाश सोडायचं. बसा.”

आता शिकेकाईने आंधळी झालेली बाई किती भांडणार? बसले. सवयीने कोपर टेकवायला गेले, तर तिथे हातच नाही, आणि मी जवळजवळ जमिनीवर. राग उतरला वगैरे काही नाही, दुप्पट झाला. मग सरांनी शांतपणे सांगितलं, की मोटारीचा कपॅसिटर फुगलाय, चालू ठेवली असती तर मोटार जळाली असती. हे आधी सांगायला काय झालं होतं, असं मी विचारलं. तर म्हणाले, “चार्ज झालेल्या माणसाला काही सांगितलं तर ते आत जात नाही. मी तीस वर्षं पोरांना शिकवलंय.”

मी बसमध्ये कंडक्टर आहे. बारामती-इंदापूर, भिगवणमार्गे. सुट्ट्या पैशांवरून, खिडकीच्या जागेवरून आणि ‘हाफ तिकीट’ म्हणून बसवलेल्या मिशावाल्या पोरांवरून दिवसभर चिडणं हा माझा पगारी धंदा आहे. त्यामुळे रागातलं मला कळतं. आणि म्हणून सांगते, जळोचीच काय, इंदापूरपर्यंतच्या सगळ्या थांब्यांवर लोंढे सरांइतका रागीट माणूस मी पाहिला नाही. लोकांना खुर्चीत बसवणारा हा माणूस स्वतः मात्र त्या खुर्चीला कधी पाठ टेकवायचा नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

सर मूळचे बावड्याचे. तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, निवृत्त झाल्यावर जळोचीत घर बांधलं. त्यांचा राग किती चढलाय ते बघायला मीटर लागत नाही, भाषा ऐकायची. शांत असले, की ‘आहे’, ‘नाही’, ‘आपण’. पारा चढायला लागला, की ‘आहे’चं ‘हाय’ होतं. आणि एकदा ‘तुमास्नी काय कळतंय’ आलं, की समजायचं, सर बावड्याला पोचले. मग आपण घरी जाऊन कुकर लावावा.

चिडायला त्यांना कारण लागत नाही असं मात्र नाही. कारणं भरपूर लागतात आणि ती सगळी त्यांना मिळतात. कपॅसिटरला कंडेन्सर म्हणणारे लोक. मोबाइल चार्जरला लावूनच बोलणारे लोक. वायर धरून ओढून प्लग काढणारे लोक. मी माझ्या नोकरीचं सांगितलं तर माझ्यावरसुद्धा चिडले : “कंडक्टर? मग तुमच्यातनं करंट जाणारच!” यावर हसायचं असतं हे मला फार उशिरा कळलं, कारण विनोद करतानाही त्यांच्या कपाळाची शीर फुगलेली असते.

पण त्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे ‘फट्’.

आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीचा कंडेन्सर चांगला आहे की गेलाय, हे बघायची एक पद्धत आहे. त्याच्या दोन वायरी घराच्या प्लगात क्षणभर खोचायच्या, काढायच्या, आणि एकमेकींना टेकवायच्या. ठिणगी उडून ‘फट्’ वाजलं, की कंडेन्सर चांगला. नाही वाजलं, की गेला. मेकॅनिकपासून पोराबाळांपर्यंत सगळे हेच करतात. कुणाचा अंगठा भाजतो, कुणाची भुवई जाते, पण पद्धत काही जात नाही.

सरांनी यावर उपाय म्हणून एक खोका बनवला. लाकडी, साबणाच्या चार वड्या मावतील एवढा. त्यात एक रिले, दोन-चार रेझिस्टर, बॅटरी आणि वर एक पिवळा दिवा. कपॅसिटर जोडला, की तो आपोआप भरायला लागायचा आणि दिवा हळूहळू उजळायचा. पुरता भरला, की रिले ‘टक्’ करून भरायची वाट बंद करायचा. मग कपॅसिटर रिकामा व्हायला लागायचा, दिवा मंद मंद होत विझत यायचा. रिकामा झाला, की पुन्हा ‘टक्’, पुन्हा भरणं. कुणी बटण दाबायला नको, कुणी वायर टेकवायला नको. भरतोय, सोडतोय, भरतोय, सोडतोय. दिवा नीट चढला-उतरला, की कपॅसिटर चांगला.

“निसर्गाचा नियम आहे,” सर मला सांगायचे. “जे भरतं ते सुटलं पाहिजे. पण सावकाश. वस्तू असो की माणूस, भानगड होते ती एकदम सोडल्यामुळे.” एवढं सांगून होतंय तोवर कुणीतरी त्यांच्या भिंतीला टेकवून मोटारसायकल लावायचं आणि सर बावड्याला जायचे.

तो खोका दाखवायला सरांनी चौकातल्या पंपदुरुस्तीच्या दुकानासमोर बागाईतदारांना गोळा केलं. माझी सुट्टी होती, मालनकाकूंनी मला पाठवलं. मालनकाकू म्हणजे सरांच्या मंडळी. म्हणाल्या, “शोभे, तू जा गं संगं. तितं काय तरी बोलून बसत्याल.”

सर बोलायला लागले तेव्हा ‘मित्रहो’पासून सुरुवात होती. खोक्यातला दिवा चढला, टक्, उतरला. सगळे वाकून बघत होते. आमच्या घरांच्या मागे ज्यांचा ऊस आहे ते किसनतात्या सगळ्यात पुढे, मांडी घालून.

“बराय,” तात्या म्हणाले. “आन् फट् कवा वाजनार?”

“वाजणार नाही,” सर म्हणाले.

“मंजी गेलाय कंडेन्सर.”

“गेलेला नाही! दिवा बघा ना, दिवा!”

“दिव्याचं काय, दिवा माझ्या बॅटरीत बी हाय. सर, न्हाय वाजला मंजी गेला. बापजाद्यापासनं हाय हे.”

“बापजाद्यापासनं मोटार तरी हुती का!” आलं, ‘हुती’ आलं. मी पिशवी उचलली.

तात्यांनी शांतपणे खोक्यातून कंडेन्सर सोडवला, दुकानातल्या प्लगात खोचला, काढला आणि वायरी टेकवल्या. फट्! काय तो आवाज. कोपऱ्यातलं कुत्रं पळालं. आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणाले, “हां! चांगला हाय की!”

मग सर जे सुटले ते विचारू नका. तुमास्नी काय कळतंय, तुमचं डोळं फुटत्याल तवा कळंल, आडाणी त्ये आडाणीच. तात्या ऐकून घेत होते. सर दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, “सर, तुमचा खोका लई गप हाय बगा. फट् तर तुमीच वाजताय.”

लोक इतके हसले, की सर खोका काखेत मारून तडक घरी. मी मागून धावतेय. मला तात्यांचा राग आला, हसणाऱ्यांचा आला, आणि खरं सांगायचं तर सरांचा सगळ्यात जास्त आला. माणसाला बरोबर असूनही हरायची इतकी हौस असावी?

आता मालनकाकूंचं सांगते, कारण हे सगळं त्यांच्यापाशी येतं. काकूंना दमा. एरवी बऱ्या असतात, पण उसाचा हंगाम सुरू झाला, की पाचट जाळायला सुरुवात होते आणि काकूंच्या छातीची शिट्टी वाजायला लागते. ऊस तोडून गेला, की बुडख्यांना पुन्हा ऊस, म्हणजे खोडवा, फुटावा म्हणून वाळक्या पाल्याला काडी लावायची, हा आमच्या भागातला नेम. काळी राख उडत येऊन वाळवणावर बसते, ताटात पडते. माझे मालक हंगामात सोमेश्वरनगरला उसाच्या ट्रॅक्टरवर असतात, मी एकटीच घरी. तेव्हा त्या चार महिन्यांत काकूंचा आवाज भिंतीपलीकडून मला माझ्या घरातल्या आवाजासारखा ओळखीचा झालाय.

काकू विहारात बायकांची वंदना घेतात. लग्न होऊन बावड्याला आल्यापासून घेतायत. त्रिसरण म्हणजे बुद्ध, धम्म, संघ अशा तीन ओळी, त्या तीनदा म्हणायच्या असतात. या हंगामात काकू दुसऱ्यांदापर्यंत पोचायच्या आणि तिसऱ्याला श्वास सरायचा. मागच्या पौर्णिमेला त्यांना मध्येच खाली बसावं लागलं, पुढचं दुसऱ्या एकीने म्हटलं. घरी आल्यावर काकू मला एवढंच म्हणाल्या, “आता मला न्हाय जमायचं गं. तिसरं अर्धं ठेवून खाली बसायचं मंजी लई वंगाळ वाटतं.” माघी पौर्णिमा तोंडावर आली होती आणि काकू विहाराचं नावच काढत नव्हत्या.

अशात एके दुपारी तात्यांनी पाचटाला काडी लावली. वारं सुटलेलं, धुराचा लोट सरळ आमच्या गल्लीत. मी दोरीवर टाकलेले कपडे काळे. तशीच बांधावर गेले आणि तात्यांना जे बोलायचं ते बोलले. तुमच्या घरात म्हातारं माणूस नाही का, पाचट कुजवलं तर खत होतं हे शाळेतल्या पोरांना कळतं, तुम्हाला कळत नाही का!

“दरसालचं हाय ह्ये, पोरी,” तात्या म्हणाले. “जाळल्याबिगर खोडवा फुटत न्हाय.”

“खोडवा फुटायला माणसाची छाती फोडायची का?” मी ओरडले. आणि तेवढ्यात सरांच्या घरातून सरांचा आवाज आला.

धावत गेले. काकू पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले. श्वास आत घेतायत, घेतायत, पण बाहेर सोडायचा तो सुटत नाहीये. आणि सर समोर उभे राहून ओरडतायत.

“सोड! आगं आदी सोड! डॉक्टरनं काय सांगितलंय? घ्यायचा थोडा आन् सोडायचा सावकाश! एक... दोन... आगं दोनपातूर तरी दम धर की! किती येळा सांगायचं तुला!”

काकूंचे डोळे सरांच्या तोंडावर. सर जितकं ओरडत होते तितके काकूंचे खांदे आणखी वर जात होते. हे त्या माणसाला दिसत नव्हतं का? दमकोंडी झालेल्या बायकोला हिशेब चुकल्यासारखं रागावणारा नवरा मी पहिल्यांदा पाहिला.

“सर, बाहेर व्हा!” मी म्हटलं.

“माज्या घरात तुमी मला...”

“बाहेर! त्या खुर्चीत जाऊन बसा! पाटी तुमचीच आहे ना?”

सर खुर्चीकडे गेले नाहीत. मागच्या खोलीत गेले आणि दार असं आपटलं, की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. मी काकूंना तोंडात मारायचा पंप दिला, पाठीवरून हात फिरवत राहिले, काही बोलले नाही. हळूहळू खांदे खाली आले.

जरा बोलता यायला लागल्यावर काकू काय म्हणाल्या असतील? “त्यास्नी... वाईट वाटू दिऊ नको. त्यांचा राग मंजी... काळजीच हाय.”

“काळजी इतक्या मोठ्याने करायची नसते, काकू,” मी म्हटलं. मला रडायला येत होतं, इतकी चिडले होते मी.

त्या दिवसापासून सर त्या मागच्या खोलीतच. मी ड्यूटीवरून येताना खिडकीतून कथील वितळल्याचा वास यायचा. तोच खोका उघडून बसलेले असायचे. मला बघितलं, की मान खाली. म्हणजे बायकोचा श्वास अडकलाय आणि यांचं अजून फट् विरुद्ध टक् चाललंय! गाडीत तिकिटं फाडताना मला एकदम आठवायचं आणि समोरच्या प्रवाशावर मी विनाकारण खेकसायची. वड्याचं तेल वांग्यावर. इंदापूरच्या एका आजोबांनी तर मला विचारलं, “मास्तरीणबाई, घरी भांडान झालंय का?”

शेवटी मी ठरवलं. पौर्णिमा उद्यावर आली होती. काकूंना हंगाम संपेपर्यंत माझ्याकडे आणायचं, माझ्या पुढच्या खोलीत खिडक्या बंद करून ठेवायचं, आणि सरांना काय वाटेल ते सांगून टाकायचं. सांगायची वाक्यं मी भिगवणपासून तयार करत आले. त्यातलं एकही वाक्य सभ्य नव्हतं.

दिवेलागणीला घरी पोचले. पिशवी ओट्यावर टाकली आणि तडक सरांच्या फाटकात. आता आधी खुर्चीत बसा म्हणाले, तर खुर्ची उचलून रस्त्यावर फेकायची, हेही ठरलं होतं.

खुर्चीत सर बसले होते.

पाठ टेकून, दोन्ही हात मांडीवर. मी तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खिडकीकडे मान हलवली.

आत लाइट बंद होता. बुद्धांच्या फोटोखालच्या फळीवर तो खोका होता. म्हणजे तोच असावा, कारण दिवा तोच पिवळा होता, पण खोक्याला गोधडीच्या तुकड्यांनी गच्च गुंडाळलं होतं. समोर काकू बसल्या होत्या. दिवा हळूहळू उजळला, काकूंनी श्वास घेतला. मग दिवा उतरायला लागला, फार सावकाश, पूर्वीपेक्षा कितीतरी सावकाश, आणि काकू त्या उतरत्या उजेडाबरोबर वंदनेची एक ओळ म्हणाल्या. ओळ संपली तेव्हा दिव्यात थोडी धुगधुगी होती. पुन्हा दिवा चढला. पुन्हा श्वास.

“गोधडी कशाला?” मी हळूच विचारलं. माझी सगळी वाक्यं भिगवणला परत गेली होती.

“टक् वाजलं की ती दचकायची,” सर म्हणाले. “आता वाजत न्हाय. भरायला कमी येळ ठिवलाय आन् सोडायला जादा. डॉक्टर म्हणला तसं.” बावड्याची भाषा होती, पण आवाज खाली. ती भाषा खालच्या आवाजात मी कधी ऐकलीच नव्हती. मला वाटायचं, ती ओरडायचीच भाषा आहे.

“तुम्ही इथे का बसलाय?”

खिडकीतला उजेड त्यांच्या चष्म्यावर चढत-उतरत होता.

“मी शिकीवलं तवा ती माझ्या तोंडाकडं बघायची, शोभाताई. मला वाटायचं, ध्यान दिऊन बघती. भ्याली हुती ती.” त्यांनी चष्मा काढला. “तुमी मला हाकललं त्या दिवशी दारातनं वळून बघितलं, तवा दिसलं. चाळीस वर्षं झाली, तवा दिसलं. आता तिनं कशाकडं तर बघायला पायजे ना? ह्यो दिवा चुकलं तरी रागवत न्हाय.”

मी पायरीवर बसले. किसनतात्यांच्या बांधापलीकडे उरलेल्या रानातलं पाचट ओलं करून कुजायला रचून ठेवलेलं दिसत होतं. का जाळलं नाही हे मी त्यांना विचारलं नव्हतं आणि विचारणारही नव्हते. शिव्या खाऊन आलेलं शहाणपण उकरून काढायचं नसतं.

आत काकूंचं दुसऱ्यांदा म्हणून झालं. सरांनी खुर्चीचा असलेला हात घट्ट धरला. दुसऱ्या बाजूला धरायला काही नव्हतं, तिथे त्यांची मूठ नुसती हवेत होती. दिवा चढला. काकूंनी श्वास घेतला. तिसऱ्यांदाची पहिली ओळ. दिवा चढला. दुसरी ओळ, जरा कापरी, पण पुरी. दिवा चढायला लागला आणि माझाच श्वास अडकला. काकूंनी घेतला, थांबल्या, आणि उतरत्या उजेडाबरोबर तिसरी ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत म्हटली.

“झालं की हो सर!” माझ्या तोंडून निघालंच.

“हळू! हळू बोला!” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कपाळाची शीर टम्म फुगलेली होती. “तुमी जावा आत. मी न्हाय येत. मी आलो तर वरडंन. आनंदानं वरडलं तरी ती दचकती.”

मी आत गेले. काकूंच्या कपाळावर घाम होता, चेहरा लहान पोरीसारखा उजळला होता. त्यांनी माझा हात धरला.

“ह्यास्नी ऐकू गेलं का गं तिसरं?”

“गेलं की, काकू. बाहेरच बसलेत. सगळं ऐकलं त्यांनी.”

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर सगळं शांत होतं. त्यांचा चेहरा एकदम काळजीत पडला.

“मंग गप कसं बसल्यात? शोभे, बघ की गं जरा. बरं न्हाय का त्यास्नी?”